बाहेरून नवी बुलेट

टोकावड्याच्या साईनाथला सासऱ्याने आपली जुनी बुलेट दिली, तेव्हापासून त्याचे पाय जमिनीवर टेकेनात. बायको अक्षदाला मागे बसवून म्हशाच्या जत्रेला जाणार, हे त्याने गावभर सांगून टाकलं.

धाऊ मिस्त्रीने इंजिन उघडून सिलिंडरात बोट फिरवलं. “नख अडकतंय. आतून झिजलाय. बोर करून मोठा पिस्टन टाकाया लागंल, नायतर ऑइल जळून धूर मारंल.”

“ते बाहेरून दिसतंय का?”

“नाय.”

“मग राहू दे. सायलेन्सर नवा घाल नि टाकी रंगव.”

“बैल घेताना दात बघतोस, का नुसती रंगवलेली शिंगं?”

साईनाथ हसला. आपल्याला बैलातलं कळतं म्हणजे इंजिनातलंही कळतं, असा साईनाथचा समज!

जत्रेला गाडी निघाली ती निळा धूर ओकतच. पहिल्या चढाला अक्षदा खोकत उतरली. “तुमी या धुरातनं. मी आपली यष्टीनं जाते.”

साईनाथ जत्रेत पोचला, पण चकचकीत टाकीकडे बघतंय कोण? जो तो एकच विचारी, “बायको कुठंय रं?”