‘येते’ म्हणजे नक्की काय?

आमच्या भाऊजींना गल्लीत सगळे शंकासुर म्हणतात, आणि ते नाव ठेवण्याचं पुण्य माझ्या पदरात आहे. भाऊजी म्हणजे माझ्या ताईचे यजमान. बॅटऱ्या आणि भिंतीवरची घड्याळं दुरुस्त करण्याचं त्यांचं दुकान इतकं अरुंद की दोन गिऱ्हाइकं आत शिरली की तिसऱ्याने रस्त्यावरूनच बोलायचं. दुरुस्त झालेली बॅटरी ते लगेच देत नाहीत. फळीवर तासभर पेटती ठेवतात आणि मधूनमधून तिच्याकडे चोराकडे पाहावं तसं पाहतात. गिऱ्हाईक म्हणतं, “झाली ना काका? पेटली की!” त्यावर यांचं उत्तर ठरलेलं. “पेटली आहे. झाली की नाही ते तासाभराने सांगतो.”

घरीही तोच प्रकार. कुलूप तीनदा ओढून बघायचं, कोपऱ्यापर्यंत जाऊन परत यायचं आणि चौथ्यांदा ओढायचं. शिडीवर चढायचं असेल तर आधी ती कुणी आणि कधी वापरली याची चौकशी. दुधाने तोंड पोळलेली माणसं ताक फुंकून पितात. आमचे भाऊजी पाणीसुद्धा फुंकून पितात, आणि पेला कुणी विसळला ते वर विचारतात.

पण डोक्यात तिडीक जायची ती त्यांच्या एका प्रश्नाने. निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. शेंबड्या पोरालाही हे समजतं. भाऊजींनाही समजतं, पण चालत नाही. पाहुणा चपला पायात सरकवत “बरंय, येतो” म्हणाला की हे दारात उभे राहून विचारणार, “येतो म्हणजे? निघालात, की परत येताय?” पाहुणा बिचारा ओशाळून हसायचा. ताई पदराने तोंड झाकायची आणि नंतर मला सांगायची, “आता ‘जा’ म्हणायचंच तेवढं बाकी ठेवलंय यांनी.”

मला या माणसाचा संशय यायचा. इतकं भिणारा माणूस काहीतरी लपवतोय, कधीतरी कुठेतरी हा शेपूट घालून पळालेला आहे, असं माझं पक्कं मत होतं. ताईला खोदून खोदून विचारलं. ती म्हणाली, “काही झालेलं नाही रे. जन्मजात आहे.” माझा विश्वास बसला नाही.

मी स्वतः गाडी शिकवतो. एकोणीस वर्षं झाली. थरथरत्या हातांची माणसं माझ्या शेजारी बसतात आणि महिन्याभरात भर चौकातून गाडी काढतात. पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, हे माझं आवडतं वाक्य. ते मी रोज चार-पाच वेळा तरी म्हणत असेन. माझी मुलगी चिमी हे ऐकतच मोठी झाली आणि त्याचा मला फार अभिमान होता.

चिमी छापखान्यात कामाला आहे. तिथल्या पाच जणांनी रविवारी डोंगरातल्या गुहा बघायचं ठरवलं. गुहा म्हणजे कठडे आणि तिकीटखिडकी असलेल्या नव्हेत. गावाबाहेर वीसेक किलोमीटरवर कातळात एक भोक आहे, त्यात वाकून शिरायचं, एवढंच. पाचांपैकी एकानेही आयुष्यात गुहा पाहिलेली नव्हती. मोबाइलवर मात्र रग्गड पाहिल्या होत्या. शनिवारी संध्याकाळी सगळी वरात बॅटऱ्या घ्यायला भाऊजींच्या दुकानात गेली. घरचं दुकान म्हणून चिमीनेच नेली.

“किती जण?” भाऊजींनी विचारलं.

“पाच जण, आतोबा. दोन बॅटऱ्या पुरतील. बाकी मोबाइल आहेत.”

“आधी कोण गेलंय तिथे?”

“कुणीच नाही. म्हणून तर मजा!” हे त्यांच्यातल्या चष्मेवाल्याचं उत्तर. तो या टोळीचा म्होरक्या.

“बाहेर कोण थांबणार?”

पाचही जण एकमेकांकडे बघून हसले. बाहेर थांबायला कोण जातं गुहेत?

भाऊजींनी फळीवरच्या दोन्ही बॅटऱ्या उचलल्या, विझवल्या आणि खणात टाकल्या. “मी देणार नाही. माझी बॅटरी हातात आहे म्हणून तुम्हाला धीर येईल आणि चार पावलं जास्त आत जाल. नाही देत.”

चिमी घरी आली ती लालबुंद होऊन. सगळ्यांसमोर आतोबांनी लाज काढली म्हणाली. मी तसाच उठलो आणि दुकानावर जाऊन भाऊजींना नाही नाही ते बोललो. तुम्ही स्वतः जन्मभर बिळात बसलात, निदान पोरांना तरी बाहेर पडू द्या. हे तर अगदी शेलकं वाक्य होतं. त्यांनी घड्याळाचा काटा चिमट्यात धरून माझं सगळं ऐकून घेतलं.

“तुझ्या गाडीत तुझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना?” ते म्हणाले.

“असतो. मग?”

“शिकणाऱ्याला वाटतं, तो धाडस करतोय. धाडस करतो, पण तुझ्या ब्रेकवर. उद्या त्या भोकात दुसरा ब्रेक कुणाच्या पायाखाली आहे, तेवढं सांग.”

“उंटावरचे शहाणे!” असं म्हणून मी पायऱ्या उतरलो.

रविवारी सकाळी दहाला ताईचा फोन. “हे दुकान बंद ठेवून सकाळीच गेलेत रे. रविवारी! स्कूटरवर स्टूल बांधलंय, दोराचं भेंडोळं घेतलंय. कुठे विचारलं तर म्हणाले, सांगतो. तुझ्याकडे आलेत का?”

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. म्हातारा पोरांच्या पाळतीवर गेला होता. आता तिथे चारचौघांत चिमीची पुन्हा शोभा करणार. मी शिकवणीची गाडी काढली आणि त्यांना हाताला धरून परत आणायचं ठरवून निघालो.

गुहेपासून थोड्या अंतरावर एका मोठ्या दगडाआड भाऊजी स्टुलावर बसले होते. तिथून ते भोक नीट दिसत होतं, पण भोकातून येणाऱ्याला हे दिसले नसते. पायाशी पिशवी, पिशवीत सहा बॅटऱ्या.

“पोरांना दिसलात?” मी विचारलं.

“नाही. तिला वाईट वाटलं असतं. पाच आत गेले, नऊ वाजून दहा मिनिटांनी.”

परत चला म्हटलं, तर ऐकेनात. मग मीही बसलो. त्यांच्यावर लक्ष ठेवायला, असं मी स्वतःला सांगितलं. दोन तास तिथेच काढले. ते एकटक भोकाकडे बघत होते आणि मी त्यांच्याकडे.

साडेबाराच्या सुमारास आतून गाणं ऐकू आलं. कुणाच्या तरी मोबाइलवर मोठ्याने लावलेलं. चिखलाने माखलेली, खिदळणारी पोरं एकेक करून बाहेर आली. एक, दोन, तीन, चार. गाणं बंद झालं.

भाऊजी दगडाआडून उठले. “पाचवी कुठे आहे?”

“अरे काका, तुम्ही?” चष्मेवाला दचकला. “ती तर कधीच बाहेर आली. तिला आत कोंडल्यासारखं होत होतं. जिथे दोन फाटे फुटतात तिथे म्हणाली, ‘येते मी’. आम्ही म्हटलं, बरं, सांभाळून जा.”

“‘येते’ म्हणाली?” भाऊजींनी विचारलं. “‘येते’ म्हणजे नक्की काय? निघते, की तुमच्या मागून येते?”

मग चष्मेवाला म्हणाला, “घरी गेली असेल हो. फोन बंद पडला असेल तिचा. चार टक्केच होता.”

“या भोकातून कुणीही बाहेर आलेलं नाही. मी सव्वातीन तास इथून हललेलो नाही.”

“काका, तुमचा डोळा लागला असेल,” त्यांच्यातली दुसरी मुलगी हळूच म्हणाली.

आणि मी म्हणालो, “हो भाऊजी. लागला असेल डोळा तुमचा.”

मी स्वतः त्यांच्या शेजारी दोन तास बसलो होतो. त्यांची पापणी लवली नव्हती हे मला माहीत होतं. पण मुलगी घरी असावी असं मला इतकं हवं होतं की त्यासाठी या माणसाला खोटं पाडायला माझी जीभ अडखळली नाही. भाऊजींनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्या नजरेत. तासभर पेटलेली बॅटरी विझल्यावर बघावं, तसं पाहिलं त्यांनी.

मग ते भराभर बोलू लागले. दोघांनी गाडीतून खालच्या गावात जाऊन माणसं आणायची. एकीने घरी फोन करून खात्री करायची. चष्मेवाल्याने फाटा दाखवायला त्यांच्याबरोबर आत यायचं, दोघांकडे दोन-दोन बॅटऱ्या. दोराचं एक टोक त्यांनी स्वतःच्या कमरेला बांधलं आणि दुसरं माझ्या हातात दिलं.

“मी येतो आत,” मी म्हणालो.

“तू इथेच. एक झटका म्हणजे सगळं ठीक, दोन म्हणजे ओढ. काय सांगितलं मी?”

“एक म्हणजे ठीक. दोन म्हणजे ओढ.”

“पुन्हा.”

मी पुन्हा म्हटलं. ते वाकले, कमरेची गाठ तीनदा ओढून पाहिली, दोन पावलं मागे आले, चौथ्यांदा ओढली आणि आत गेले. त्या अंधाराची त्यांना माझ्याहून दसपट भीती वाटत होती. तरी ते गेले.

फोन करायला गेलेली मुलगी परत आली, मान हलवत. चिमी घरी नव्हती. मी दोर धरून भोकाच्या तोंडाशी जाऊन बसलो. दोर हातातून सरकत होता, थांबत होता, पुन्हा सरकत होता. बेचाळीस मिनिटं. एकदाच झटका बसला. एकच. तो एक होता की दोन, यावर मी तिथल्या तिथे वेडा व्हायचा बाकी होतो.

गावातली माणसं पोचायच्या आतच चिमी बाहेर आली ती भाऊजींच्या खांद्यावर भार टाकून, लंगडत. घडलं ते इतकंच. बुटाची नाडी बांधायला ती फाट्यापाशी थांबली होती आणि ‘मागून येते’ या अर्थाने ‘येते मी’ म्हणाली होती. उठली तेव्हा पुढचे उजवीकडे गेले होते, ही डावीकडे गेली. मोबाइल विझला, पाय घसरून पुरुषभर खाली पडली, घोटा मुरगळला. तिने हाका मारल्या. तिला गाणं ऐकू येत होतं, जाताना आणि परत येतानाही. गाण्यामुळे ती मात्र कुणालाच ऐकू गेली नाही.

संध्याकाळी ताईकडे तिचा पाय शेकत बसलो होतो. भाऊजी आतून आणलेल्या चारही बॅटऱ्या पुसून पुन्हा तपासत होते. चिमी एकाएकी म्हणाली, “बाकीचे म्हणाले, मी घरी गेले असेन असं सगळ्यांनाच वाटलं. मग मी आतच आहे असं कोण म्हणालं?”

मी ताईच्या हातातल्या फडक्याकडे बघत राहिलो. भाऊजींनी मान वर केली नाही.

“तुझा बाप,” ते म्हणाले. “म्हणाला, आत आहे म्हणजे आहे.”

“नक्की, आतोबा?”

“नक्की.”

तपासून पाहिल्याशिवाय ‘नक्की’ म्हणताना मी त्यांना तेवढंच एकदा ऐकलं. मला त्यांचे पाय धरावेसे वाटले. तेही जमलं नाही. मी चहाचे कप उचलून आत गेलो.

चिमीने पुढे तो विषय काढला नाही. तिला कुणी काही सांगितलंय का, ते मला माहीत नाही आणि विचारायचा धीरही होत नाही. पण घरातून निघताना ती आता आईला नेहमीसारखं “येते गं” म्हणते, आणि माझ्यापाशी येऊन थांबते. “बाबा, मी जातेय. सहापर्यंत परत येईन. काय सांगितलं मी?”

ती जातेय, सहापर्यंत परत येईल, असं मी म्हणतो.

“पुन्हा,” ती म्हणते.