मी पण हसली

"तू ये इकडे. भिंतीला लागून उभी राहा." सरांनी पिवळा कापडी तारा माह्या हातात दिला. "लाव पदराला."

मी लावला. स्वतः. पिन पण माहीच.

भंडाऱ्याच्या कॉलेजात मी शिपाई. गोंदिया जिल्हा वेगळा होऊन तीनेक वर्षं झाली होती. दिल्लीहून फिरतं प्रदर्शन आलं होतं. जर्मनीनं ज्यू लोकायले छावण्यायमधी कोंडून लाखोंनी मारलं, त्याचं. काचेच्या पेटीत तिथला खरा वाडगा, फुटका चष्मा, लहान लेकराचा जोडा. तारा तेवढा नकली, पोरायनं हातात घेऊन पाहावा म्हणून.

सर इतिहास शिकवत. पोरायले म्हणाले, "ज्यू ओळखू यावेत म्हणून असा तारा लावायला लावत. आपल्याकडे त्याची गरज नाही. हिचं आडनाव पुरतं."

सारे हसले. मी पण हसली. बारा वर्षांच्या नोकरीत तशी सवयच लागली होती.

पोरं गेल्यावर मी फोटो पुसाले घेतले. एका फोटोत एक म्हातारा. कोटावर तारा. गुडघ्यावर बसून रस्ता घासून राहिला. भोवती गर्दी. त्यात एक बाई, तोंड उघडं टाकून हसणारी.

हातातलं फडकं तसंच राहिलं. तोवर मले वाटे, अपमान माहा झाला. पण मी त्या बाईच्या बाजूले उभी होती. ह्या म्हाताऱ्याच्या मरणावर हसली होती.

दुसऱ्या दिवशी दुसरा वर्ग आला. सरांनी तारा पुढं केला.

"नाही लावत, सर."

"का गं? काल तर हसत होतीस!"

"तेच चुकलं माहं."

मी दारापाशी गेली. तिथं पाहुण्यांसाठी अभिप्रायाची वही ठेवली होती. आम्हाले कोणी लिहाले सांगत नव्हतं. मी लिहिलं: 'काल इथे मेलेल्या माणसांची थट्टा झाली. माझ्या जातीचीही. मी हसले. माझा गुन्हा आहे.' खाली सही केली.

दुपारपर्यंत कोणीतरी ते पान फाडलं. प्राचार्यांनी केबिनमधी बोलावलं. कोरा कागद पुढं सरकवला.

"सरांची माफी माग. लेखी दे. नाहीतर नोकरीचं पाहावं लागेल."

मी कागद घेतला. फाडलेल्या पानावरचं अक्षर न अक्षर पुन्हा लिहिलं. सही केली.

"माफी त्या मेलेल्यायची मागतो," मी म्हटलं. "सरायची नाही. हा फाडा. उद्या पुन्हा लिहीन."