गाडीखालचा पाहुणा

पोलंडमधील ज्या लहानशा गावात आम्ही सध्या राहतो, तेथून मी भारतात यायला निघालो तेव्हा शेतांवर बर्फ होते आणि बिटाचा हंगाम नुकताच आटोपला होता. मी साखर कारखान्यातला रसायनतज्ज्ञ. आयुष्यभर उसाच्या रसावर काम केले आणि पन्नाशी उलटल्यावर बिटाच्या कारखान्यात दोन वर्षांच्या करारावर आलो. सामान आले, पत्नी सुनंदा आली. आमचा तांबूस गावठी कुत्रा बाळ्या तेवढा मागे राहिला.

युरोपात कुत्रा न्यायचा तर आधी रेबीजची लस, मग रक्ताची तपासणी, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबणे असा क्रम आहे. माझ्या व्हिसाला हे थांबणे परवडणारे नव्हते. ठरल्या तारखेला कामावर हजर होणे भाग होते. हे नियम मी वेळेत वाचले नव्हते, याबद्दल दुसऱ्या कोणाला दोष देता येत नाही. इंदापूर तालुक्यातल्या लासुर्ण्याचे तात्या हे जुन्या ओळखीचे ऊस बागायतदार. त्यांच्या अंगणात बाळ्याला सोडून आम्ही निघून गेलो होतो.

आता तीन महिने भरले होते. मला आठवड्याची रजा होती. पहिला व्हिसा थोड्याच महिन्यांचा होता; त्याची मुदत महिनाअखेरीस संपत होती आणि ती वाढवण्याचा अर्ज त्याआधी पोलंडमध्ये स्वतः हजर राहून करायचा होता. कुत्र्याने मालकाबरोबरच प्रवास करायचा, असाही नियम आहे. म्हणजे याच फेरीत बाळ्याला आणणे, नाहीतर पुन्हा कधी रजा मिळेल तेव्हा. विमानतळावर सुनंदा म्हणाली, "एकटे परत येऊ नका." ती हसत नव्हती.

मुंबईहून एका मित्राची मोटार घेऊन निघालो. भिगवण मागे पडल्यावर उजनीचे पाणी दिसू लागले आणि हवेत ओल्या मातीचा, मासळीचा आणि कुठूनतरी मळीचा मिळून एक वास आला. बिटाच्या कारखान्यालाही वास असतो, परंतु तो माझा नाही, हे त्या क्षणी जाणवले. इंदापुरात शिरून प्रथम पशुवैद्य डॉक्टरांचा दवाखाना गाठला. बाळ्याची लस, त्वचेखालची चिप आणि रक्ततपासणी हे सारे याच बाईंनी केलेले.

त्यांनी कागद बारकाईने पाहिले. "सगळं नीट आहे. कुत्रा कुठे आहे?"

"लासुर्ण्याला. तासाभरात आणतो."

"आणा. पाहिल्याशिवाय मी निरोगी असल्याचा दाखला देत नाही. उद्या चारपर्यंत आहे मी. मग आमचं शिबिर आहे, दोन दिवस भेटणार नाही."

परवा सकाळी मुंबईच्या सरकारी तपासणी कार्यालयात तो दाखला हवा होता आणि रात्री विमान होते. तासाभराचे काम आहे, असे मानून मी एक प्लेट कांदाभजी शांतपणे खाल्ली.

लासुर्ण्याच्या वाटेवर उसाच्या दुहेरी ट्रॉलीमागे बराच वेळ अडकलो. एक ऊस घसरून मोटारीच्या टपावर आदळला आणि पोचा पडला. मित्राला काय सांगावे, याचा विचार करीतच तात्यांच्या अंगणात शिरलो. बाळ्या धावून येईल, अशी माझी कल्पना होती. कोणीही आले नाही.

"या केमिस्टसाहेब," तात्या बाजेवरून उठले. "वाळलात की. तिकडं जेवाय घालत न्हाईत व्हय?"

"बाळ्या कुठे आहे, तात्या?"

"च्या घ्या आदी."

दारातून काकूंचा आवाज आला. "सांगा की आता. च्या कशाला मधी घालताय?"

तात्यांनी सांगितले ते असे. आम्ही गेल्यावर बाळ्याने अन्न सोडले. दिवसभर रस्त्याकडे तोंड करून बसे. पुढे शेजारच्या शेतात ऊसतोडणी मजुरांची टोळी उतरली. बाळ्या त्यांच्या कोप्यांकडे (उसाच्या वाळल्या पाल्याच्या, म्हणजे पाचटाच्या, झोपड्यांकडे) गेला, तिथे भाकरी खाऊ लागला, त्यांच्या बैलगाड्यांबरोबर कारखान्यापर्यंत जाऊन येऊ लागला. टोळी हलली तेव्हा तोही तिच्यासोबत हलला. तात्यांनी अडवले नाही.

"खात हुतं तितं, म्हून जाऊ दिलं. अन् माजी तोड ह्याच आठवड्यात हुती. टोळी माज्या फडात येनार, टोळीसंगं कुत्रं येनार, आन् तवाच तुमी येनार. समदं बसवलं हुतं म्या."

"मग?"

"मग काय. कारखान्याचा परोगराम बदलला. टोळी कोऱ्हाळ्याकडं गेली."

"तोडीच्या भरवशावर दुसऱ्याचं कुत्रं ठिवलं," काकू म्हणाल्या. "साहेब, ह्यांचं लगीनसुदीक तोडीपायी दोनदा फुडं गेलतं."

कारखान्यात इतकी वर्षे काढलेल्या मला हे ठाऊक असायला हवे होते. उसाची तोड ठरल्या दिवशी आल्याचे मी कधी पाहिले नाही, आणि तरी त्या तारखेवर बारशी, साखरपुडे आणि बँकेचे हप्ते टांगून ठेवणारी घरे मी शेकड्यांनी पाहिली आहेत. तात्यांनी माझा कुत्रा त्याच खुंटीला टांगला होता. मला राग आला. तो मी बोलून दाखवला नाही, परंतु चहा अर्धा ठेवून उठलो, आणि तो अर्धा कप तात्यांनी पाहिला.

त्यांनी टोळीच्या मुकादमाला फोन लावला. टोळी कोऱ्हाळे बुद्रुकला आहे, एवढे निश्चित झाले. दिवस मावळत होता. बारामतीत मुक्काम केला. खानावळीत समोर आलेल्या ताटाकडे पाहत असताना सुनंदाचा फोन आला. "भेटला का?" तिने विचारले. "उद्या," मी म्हणालो.

सकाळी कोऱ्हाळ्याला पोहोचलो. कालव्याच्या कडेने कोप्या होत्या. बहुतेक माणसे फडात (तोडणी चालू असलेल्या शेतात) गेलेली. एक म्हातारे आबा शेळीला पाला घालत होते.

"तांबडं कुत्रं? पावना व्हय?"

"पाहुणा?"

"तेच नाव पडलंय त्याचं. आमचं न्हवं ना ते, लोकाचं. बाबूरावाच्या गाडीखाली असतंय. गाड्या गेल्या की सोमेश्वरनगरला."

सोमेश्वरनगरच्या कारखान्याकडे जाणाऱ्या रस्त्याला उसाने लादलेल्या गाड्यांची रांग लागली होती. मी मोटार कडेला लावली आणि पायी निघालो. प्रत्येक गाडीखाली वाकून पाहत होतो. गाडीवान वरून विचारत, "काय पडलं का सायेब?" मी मान हलवून पुढे जाई.

एका गाडीखाली, दोन चाकांच्या मधल्या सावलीत, बाळ्या बैलांच्या चालीने चालत होता. अंगावर धूळ, एका कानाला ओरखडा. माझ्या तोंडून त्याचे नाव निघाले. तो बाहेर आला, माझ्या गुडघ्यांवर पंजे टेकले, हात चाटले, आणि गाडी चार पावले पुढे जाताच पळत जाऊन पुन्हा तिच्याखाली शिरला.

गाडीवर बाबूराव, आणि शेजारी चालणारी त्यांची पत्नी जनाबाई. बीडकडची माणसे. मी कोण ते सांगितले.

"तुमीच व्हय ते," जनाबाई म्हणाल्या. "लई दिस लावलं."

मी खिशातून पट्टा काढला, गाडीखाली वाकून बाळ्याच्या गळ्यात अडकवला आणि ओढला. तो खाली बसला. पाय रोवले. मागचा गाडीवान हसला. "सायेब, गाडीखालच्या कुत्र्याला वाटतंय गाडी आपुनच वढतोय. त्यो कामावर हाय आता. सोडंल कसा?"

"मटन दावा," आणखी एकाने सुचवले.

"मटन खाऊन परत गाडीखालीच येईल ते," बाबूराव म्हणाले. "बैलं सुटली की येतंय बगा."

"कशाचं येतंय," जनाबाई म्हणाल्या. "बैलं सुटली की ते बैलांपाशीच झोपतंय. तुमाला घरचं म्हाईत नसतंय, कुत्र्याचं कुठलं."

मी पट्टा काढला. त्याला उचलून मोटारीत कोंबणे शक्य होते. इतका मोठा तो नाही. हात तसे पुढे झालेही. परंतु एकदा त्याला न विचारता एका अंगणात ठेवले होते आणि आता न विचारता दुसऱ्या खंडात नेत होतो. मधला हा एवढा रस्ता तरी त्याच्या मनाने जावा, असे वाटले. हे वाटणे शहाणपणाचे होते की नाही, मला अजून सांगता येत नाही. घड्याळ पाहिले. दोन वाजेपर्यंत थांबायचे, मग मात्र उचलायचे, असे मनाशी ठरवून मी गाडीबरोबर चालू लागलो.

कारखान्याबाहेर रांग थबकली. इथे तास तास थांबावे लागते. जनाबाईंनी फडके सोडले आणि बाजरीची भाकरी व ठेचा माझ्या हातावर ठेवला. मी चाकाच्या सावलीत जमिनीवर बसलो. बाळ्या आला, भाकरीचा वास घेतला, तुकडा खाल्ला आणि माझ्या बुटांवर हनुवटी टेकून डोळे मिटले.

"रातचं कोपीच्या दारात निजायचं," जनाबाई म्हणाल्या. "पर त्वांड रस्त्याकडं. म्या म्हनलं, कुनाचं तरी हाय ह्ये."

मी बाळ्याच्या पाठीवरची धूळ झटकली.

काही वेळाने पुढची गाडी हलली. बाबूरावांनी बैलांना हाक दिली. चाक माझ्या पाठीपासून सरकले आणि सावलीही सरकली. बाळ्याने डोके उचलले. गाडीकडे पाहिले. गाडी एक जागा पुढे गेली, मग दुसरी. आम्ही दोघे उन्हात उघडे पडलो. तो उठला, अंग झाडले, गाडीच्या दिशेने दोन पावले गेला. मी हाक मारली नाही. जीभ दाताखाली धरून बसलो होतो, हे नंतर दुखू लागल्यावर कळले.

तो वळला आणि माझ्या मांडीला पाठ लावून बसला.

जनाबाई मागे पाहत होत्या. त्या परत आल्या, बाळ्याच्या कानामागे बोटे फिरवली. "जा बाबा," त्या म्हणाल्या. मग मला, "तितं थंडी असती म्हनं. गोणपाट घाला खाली. गादीवर नगा निजवू, सवय न्हाई त्येला." आणि झपझप चालत गाडी गाठली. त्यांनी पुन्हा मागे पाहिले नाही. पाहिले असते तर मी काय केले असते, ठाऊक नाही.

परतीच्या वाटेवर लासुर्ण्याला रस्त्याच्या कडेलाच तात्या उभे होते. मुकादमाने त्यांना कळवले असावे. मोटार थांबताच त्यांनी खिडकीतून आत पाहिले आणि मोठा श्वास सोडला. त्यांनाही झोप लागली नव्हती, हे चेहऱ्यावर दिसत होते.

"तात्या, काल मी चहा टाकून गेलो. चुकलो."

"टाकला कुठं? म्या पिलो की." त्यांनी बाळ्याच्या पाठीवर थाप मारली. "जावा आता बिगीनं. डाक्टरीण बसलीय."

इंदापुरात पावणेचारला पोहोचलो. डॉक्टरांनी मानेवरून यंत्र फिरवले; चिपचा क्रमांक उमटला. कानाचा ओरखडा साफ केला, नाडी पाहिली. "वजन वाढलंय," त्या म्हणाल्या. "चांगलं ठेवलंय कोणीतरी." आणि सही केली. मी तिथेच खुर्चीवर बसलो. सुनंदाला फोन लावला आणि नुसता बाळ्याच्या नाकाशी धरला.

पुढचा प्रवास सांगण्यासारखा नाही, आणि हेच त्याचे सुख होते. मुंबईच्या कार्यालयात शिक्के बसले, पिंजरा विमानात चढला, उतरल्यावर तिथल्या अधिकाऱ्याने कागद चाळून मान डोलावली. व्हिसाची मुदत संपायला अद्याप काही दिवस शिल्लक होते.

घराकडे जाताना बाळ्या मोटारीच्या काचेतून बर्फ पाहत होता आणि मी विचार करीत होतो. आपण प्राणी पाळतो असे म्हणतो. गेले तीन महिने त्याला तात्यांनी, काकूंनी, जनाबाईंनी पाळले. माझ्याकडे केवळ कागद होते. त्या कागदांच्या जोरावर मी त्याला परत मागायला गेलो, आणि ज्यांच्याकडे एकही कागद नव्हता त्यांनी तो दिला. माझ्या वाट्याला आलेली सुटका ही अशी दुसऱ्यांच्या हातून आलेली आहे. ती मी कमावलेली नाही. तरी ती हवी होती, आणि मिळाली, याबद्दल मी कृतज्ञ आहे.

सुनंदाने दार उघडले. ती उंबऱ्यातच खाली बसली आणि बाळ्याच्या मानेत तोंड खुपसून बराच वेळ तशीच राहिली. मी सामान घेऊन पायरीवर थंडीत उभा होतो. आत जाण्याची मला घाई नव्हती.

"बैलांचा वास येतोय ह्याला," ती म्हणाली. "आणि पाचटाचा."

"गरम पाणी लावतो. आंघोळ घालू."

"नको," ती म्हणाली. "आज राहू दे."