आत्याचा कार्बुरेटर

आत्या आधी मारायची आणि मग का मारलं ते सांगायची. लाटणं, पायताण, कासरा, हाताला लागेल ते तिला चालायचं. कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यातली नोकरी सोडून मी तिचा ट्रॅक्टर चालवायला आलो, तेव्हा चांगला लग्न झालेला बाप्या होतो. पहिल्याच दिवशी इंजिन सुरू व्हायला उशीर झाला आणि माझ्या पाठीत पाना बसला. "यंत्राला कळत न्हाय, तुला तर कळतं की!" हा खुलासा नंतर झाला.

ट्रॅक्टर तिनं हौसेनं घेतला नव्हता. यजमान गेल्यावर तिच्या दिराला, म्हणजे भाऊसाहेबांना, तिच्या टेकाखालच्या काळ्या रानाची भूक लागली. त्यांनी गावाला असा दम भरला, की तिला कुणी बैल देईना आणि औत धरायला माणूस मिळेना. आत्या तडक सोलापूरला गेली आणि एका गोऱ्या कंत्राटदाराच्या लिलावातून ते जुनं धूड घेऊन आली. मग गावानं मध्ये पडून निवाडा दिला. मृग नक्षत्र लागेल त्या दिवशी सूर्य मावळायच्या आत बाईनं रान नांगरलं तर रान बाईचं, नाहीतर तिथं दिराचं औत चालेल. वैरागच्या बाजारात लोक यावर उघड हसायचे. त्यातल्या एकाला आत्यानं भर बाजारात वजनाचा दगड फेकून मारला होता.

धूड चालायचं, पण त्याचा कार्बुरेटर मेला होता. त्याच्या भांड्यात पितळेचा एक पोकळ गोळा तरंगतो. भांडं भरलं की तो वर येऊन पेट्रोल बंद करतो. त्याला आम्ही फ्लोट म्हणायचो. आमच्या फ्लोटला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं होतं. आत पेट्रोल शिरून तो बुडायचा आणि तेल बाहेर सांडायचं. एकदा इंजिनानं पेट घेतला. आत्यानं ओलं पोतं घेऊन आग बडवून विझवली आणि त्याच पोत्यानं मला बडवलं.

मी चैत्रापासून घसा फोडत होतो, की हा कार्बुरेटर फेकून दे, मुंबईहून नवा मागव. तिचं उत्तर ठरलेलं होतं. "नवं आनाया अक्कल लागत न्हाय. हाय ते चालवून दावायला लागती." मग भोकात साबण भरला, लाख भरली. नांगराची दोन तासं निघाली, की ट्रॅक्टर पुन्हा आडवा. माझं डोकं फिरायचं. शेजारी ओरडायचे, की हे आत्या-भाचे एकमेकांचा जीव घेणार. त्यात फार अतिशयोक्ती नव्हती.

मृग दुसऱ्या दिवशी लागणार होता आणि अर्धं रान अजून पडून होतं. आम्ही फ्लोट घेऊन पहाटेच सोलापूर गाठलं. नव्या पेठेतला दुकानदार म्हणाला, "नवा यायला महिना लागंल." झालं, दुरुस्तीशिवाय आता वाटच नव्हती. मागच्या बोळात एक कल्हईवाले चाचा भाता मारत बसले होते. आत्यानं फ्लोट त्यांच्यापुढे टाकला.

मी म्हणालो, "चाचा, आत पेट्रोल हाय. आधी एक मोठं भोक पाडून ते काढून टाका, मग कथलाचा डाग देऊन बुजवा."

"आनिक भोक?" आत्या कडाडली. "एक बुजवाया आलोय न्हवं? हो तिकडं!" तिनं मला ढकललं, तो मी गटारात गेलो.

चाचा भांड्यांचे कारागीर. कल्हईला आलेलं भांडं आधी निखाऱ्यावर तापवायचं, मग नवसागर मारायचा, ही त्यांच्या हाताची सवयच होती. "बाई, पयले तापवायचं, मंग डाग. वाडवडलांपासून असंच हाय," असं म्हणत त्यांनी फ्लोट निखाऱ्यावर ठेवला. आत्या वर वाकून "भाता मार, जोरात मार" करत होती. मी गटारातून उठतोय तोवर गोळा फुटला. आवाजानं बोळातली कुत्री पळाली. चाचांची दाढी पेटली होती. आत्यानं पदरानं त्यांना थोबाडीत मारावं तशी ती विझवली. मग ती माझ्याकडे वळली. तिच्या डाव्या डोळ्यात पितळेचा तुकडा रुतला होता.

बोळातली माणसं चाचांवर धावून गेली. आत्या मध्ये उभी राहिली. "त्यानं न्हाय, मी उडिवला. हात लावाल तर याद राखा." तुकडा तिनं स्वतःच उपसला. मी दवाखान्यात चल म्हणून हाताला धरलं, तर माझ्याच नाकातून रक्त काढलं. पदराची पट्टी डोळ्यावर बांधून ती चाचांपुढे बसली आणि म्हणाली, "आता नवा बनवा." चाचांनी भाजलेल्या हातांनी पितळी पत्रा कापून दोन वाट्या ठोकल्या, त्या जोडल्या, आतली वाफ जायला एक छिद्र ठेवलं आणि ते सगळ्यात शेवटी बुजवलं. फ्लोट पाण्यात टाकला, तो तरंगला. चाचा रडायला लागले. आत्या त्यांच्यावर खेकसली, "रडता काय? गाडी चुकंल माजी!"

रात्रीतून फ्लोट बसवून उजाडताना आम्ही ट्रॅक्टर घेऊन रानात पोचलो, तर भाऊसाहेब माणसं आणि औतं घेऊन उभेच होते. वाटेत त्यांनी बैलगाडी आडवी घातली होती. आत्या मडगार्डवर कुऱ्हाड घेऊन बसली होती. "थांबलास तर तुजी तंगडी तोडीन," ती मला म्हणाली. ती तोडेल याची मला खात्री होती, म्हणून मी थांबलो नाही. गाडीचं चाक ट्रॅक्टरखाली कडाडून मोडलं. भाऊसाहेबांनी धावत येऊन तिचा दंड धरला. तिनं कुऱ्हाडीच्या दांड्यानं त्यांचं तोंड फोडलं. ते दात थुंकत बांधावर बसले आणि त्यांच्या माणसांतला एकही पुढं झाला नाही. दिवस मावळेतो मी नांगरत राहिलो आणि रान पुरं केलं. पट्टीतून रक्त गळून तिची चोळी भिजली होती, पण तिनं उतरायचं नाव काढलं नाही. मला तिचा असा राग आला होता आणि तिच्यावर अशी माया दाटली होती, की समोरचं तास मला धड दिसत नव्हतं.

डोळा सडला. सोलापूरच्या डॉक्टरांनी तो काढला, पण उशीर झाला होता. एका डोळ्याचं दुखणं दुसऱ्यात उतरलं आणि दिवाळीच्या सुमारास आत्या पुरती आंधळी झाली.

भाऊसाहेब भेटायला आले. म्हातारे दिसत होते. तिला चाचपडताना पाहून त्यांना खरोखर रडू फुटलं. "वैनी, त्याच दिवशी दवाखान्यात गेला असता तर डोळं वाचलं असतं की वो."

आत्यानं आवाजाच्या दिशेनं तोंड वळवलं.

"आन् रान?"

भाऊसाहेबांनी पागोटं उतरवून हातात धरलं. मग ते तिच्या पाया पडले आणि निघून गेले.