गच्चीवरच्या स्पीकरचं नाव

आमच्या घरातल्या प्रत्येक यंत्राला मी नाव दिलं होतं. आधी माणूस, मग जागा. ‘आई किचन’, ‘बाबा हॉल’, असं. मी रबाळ्याच्या एका कंपनीत नेटवर्कचंच काम करते, आणि यादीत नुसते आकडे दिसले की माझं डोकं फिरतं. खांदेश्वरजवळच्या आमच्या घरात खाली भाडेकरू, वर आम्ही आणि त्यावर गच्चीची खोली. म्हणून वायफायचे दोन भाग केले, एक घरचा आणि एक भाडेकरू-पाहुण्यांचा. एका भागातल्या फोनला दुसऱ्या भागातलं काही दिसायचं नाही.

पण बाबा सकाळपासून खाली ओट्यावर, आणि तिथे फक्त पाहुण्यांचं वायफाय पोचायचं. ओट्यावर बसूनच त्यांना देवघरातल्या स्पीकरवर आरती लावायची असायची, आणि फोनला स्पीकर सापडायचा नाही. रोजची कटकट. शेवटी वैतागून मी घरच्या स्पीकरांची नावं पाहुण्यांच्या भागातही दिसतील आणि तिथून त्यांवर गाणं लावता येईल, अशी सोय करून दिली. बाबा खूश झाले.

मग ताई आली. हातात एक पिशवी, मनगटावर काळेनिळे वळ. भावकीत, शेजारीपाजारी आम्ही सांगितलं की ती उरणला मावशीकडे आहे. तिच्या नवऱ्याला, दाजींनाही तेच सांगितलं. ती गच्चीच्या खोलीत राहायची, दिवसा खाली उतरायचीसुद्धा नाही. शांततेत तिला झोप लागेना, म्हणून मी एक छोटा स्पीकर तिच्या उशाशी ठेवला आणि सवयीने त्याला नाव दिलं, ‘ताई गच्ची’. घरच्या वायफायचा पासवर्ड बदलला. झालं, आता निश्चिंत, असं मला खरंच वाटलं होतं.

एका दुपारी ऑफिसात माझ्या फोनवर सूचना वाजली. घरच्या पाहुण्यांच्या वायफायवर कुणाचा तरी फोन जोडला गेला होता. त्या फोनचं नाव ‘मालक’. दाजींनी ते स्वतःच ठेवलेलं, आणि पहिल्या दिवाळसणाला आम्ही सगळे त्यावर हसलोही होतो.

बाबांना फोन लावला. ते बाजूला येऊन कुजबुजले, “टेन्शन घेऊ नको गो. उरनचाच सांगितला त्यांना. ओट्यावर बसलेत, चाय पितात.”

“आणि वायफाय?”

“रेंज नाय बोलले. जावईमानूस दारात आलाय, त्याला नाय कसा बोलू? पन घरचा पासवर्ड नाय दिला. पाव्हन्यांचाच दिला.”

इतका संताप आला! लेकीचे वळ बघून ढसाढसा रडलेले माझे बाबा, ते वळ उठवणाऱ्याला चहा पाजत होते, वर सावध राहिल्याचं समाधानही होतं. पण भांडायला वेळ नव्हता. दाजींना बसल्याजागी व्हिडिओ लावायची भारी हौस. कुठलाही व्हिडिओ लावला की फोन विचारतो, आवाज कुठे वाजवू, आणि समोर स्पीकरांची यादी धरतो.

मी ताईचा नवा नंबर लावला. तिने उचलला तेव्हा मागे ब्रासबँड दणाणत होता.

“हे काय लावलंस?”

“मी नाय लावला,” ती म्हणाली. “स्पीकर आपोआप सुरू झाला. आमच्या हळदीचा बँड हाय हा.”

“वायर काढ त्याची! आत्ता!”

बँड थांबला. माझ्या स्क्रीनवरच्या घरच्या यंत्रांच्या यादीतून ‘ताई गच्ची’ हे नाव गेलं. ते जाताना बघितलं आणि माझी चूक मला कळली, कारण खाली ओट्यावर दाजींच्या हातातल्या यादीतूनही ते त्याच क्षणी गेलं असणार. खोली रिकामी असती तर बँड वाजत राहिला असता.

“कडी लाव,” एवढंच मी ताईला म्हणू शकले.

तेवढ्यात बाबांचा फोन आला. आवाज अगदी बारीक झालेला.

“गो, ते काय रागावले नाय,” बाबा म्हणाले. “हसून बोलले, ‘तिला सांगा, घाई नको करू. सामान नीट भर म्हनावं. मी बसलोय हितं.’”