दोन मुठींची फट

"म्याडम, बुढीचा पाय लहान झाला जी ऑपरेशननं. आता नागपूरले नेऊन दुसरं ऑपरेशन करून आणतो."

दिलीपने एक्स-रेचं पाकीट माझ्या टेबलावर टाकलं. त्याच्या मागे त्याची आई पारबताबाई वॉकर धरून उभी होती. वय साठीच्या पुढचं. कमरेतून पुढे वाकलेली, उजवी टाच जमिनीपासून वर. खुब्याचा सांधा बदलून आठ महिने झाले होते. या काळात माणसं काठी टाकून बाजारात जातात. हिला दारापर्यंत जाताना दोनदा थांबावं लागत होतं, आणि खुब्याच्या पुढच्या बाजूला सतत दुखत होतं.

मी अर्जुनी मोरगावच्या एका लहान हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. ऑपरेशन दुसरीकडे झालेलं असतं, त्यानंतरची चिवट दुखणी माझ्याकडे येतात.

मी पारबताबाईंना तपासणीच्या टेबलावर झोपवलं आणि टेप काढला. कमरेच्या पुढच्या हाडापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. सारखे भरले. एक्स-रेमध्येही सांधा जागेवर होता.

"पाय लहान नाही," मी म्हटलं.

"मंग लंगडते काऊन?"

याचं उत्तर दाखवून द्यावं लागतं. मी पारबताबाईंना डावा, म्हणजे चांगला गुडघा हळूहळू छातीकडे घ्यायला सांगितला. उजवा पाय टेबलावर सरळ पडून राहायला हवा होता. तो आपोआप वर उचलला गेला. मांडी आणि टेबल यांच्यात फट पडली. मी त्या फटीत एकावर एक दोन मुठी ठेवून दाखवल्या.

मांडी वर उचलणारे स्नायू खुब्याच्या पुढच्या बाजूने जातात. पाय महिनोन्महिने वाकलेला राहिला की ते आखडतात. मग मांडी मागे जात नाही. उभं राहिलं की कंबर पुढे झुकते, गुडघा वाकतो, टाच उचलते. पायाची लांबी तेवढीच असते, पण चालताना तो आखूड पडतो. याला कापायचं नसतं. ताणायचं असतं.

दिलीपला पटलं नाही. "दीड महिन्यानंतरची अपॉइंटमेंट घेऊन ठेवली हाये."

"मग दीड महिना मला द्या."

पारबताबाई टेबलावरूनच बोलल्या, "एकडाव कापलं, पुरे झालं. म्याडम सांगन ते करतो मी. पुन्हा कापाले नाई जात."

आमच्या हॉस्पिटलच्या सरांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, "मॅडम, जमलं नाही तर दोष आपल्यावर येईल."

"आणि जमलं तर?"

"तर कोणाला कळणारही नाही."

आधी मी ऑपरेशन करणाऱ्या सर्जनना फोन केला. प्रत्येक खुब्याची पथ्यं वेगळी असतात. ऑपरेशन पुढून केलं की मागून, यावर काय ताणायचं आणि काय नाही ते ठरतं. त्यांनी परवानगी दिली. मग मी व्यायाम ठरवला: टेबलावर केला तसाच, चांगला गुडघा छातीकडे, ऑपरेशनचा पाय सरळ, मांडी खाली दाबायची, तीसपर्यंत मोजायचं. सकाळ, दुपार, संध्याकाळ, पाच-पाच वेळा. आठवड्यातून एकदा माझ्याकडे यायचं.

पहिल्या आठवड्यात दोन मुठी. दुसऱ्या आठवड्यात दोन मुठी. तिसऱ्यात तेच.

"मावशी, घरी करता का?"

"रोज करतो जी. घरी तं मांडी पूर्ण टेकते."

"घरी टेकते आणि इथे टेकत नाही?"

"टेकते म्हणतो ना मी! सून पाहून रायली रोज."

मी दिलीपकडे पाहिलं. त्याने मान हलवली. "टेकते जी."

मला वाटलं, मायलेक दोघं मिळून मला बनवत आहेत. व्यायाम न करता केला म्हणणारे रोज चार तरी येतात. मी जरा चढ्या आवाजातच बोलले. पारबताबाई वॉकर उचलून आपटत निघून गेल्या. अपॉइंटमेंटला तीन आठवडे उरले होते.

रविवारी मी स्कूटी काढली आणि केशोरी गावात त्यांच्या घरी गेले. न सांगता. खोटं पकडायचं होतं.

अंगणात धान वाळत घातलं होतं. कडेला उन्हात खाट, आणि खाटेवर पारबताबाई. डावा गुडघा छातीशी धरलेला. सून शेजारी बसून मोजत होती, "सव्वीस, सत्तावीस..." मला पाहूनही तिने तीसपर्यंत मोजणं पूर्ण केलं.

"पाहा म्याडम, टेकते का नाई?" पारबताबाई म्हणाल्या.

टेकत होती. उजवी मांडी खाटेला चिकटलेली होती. मी खाली वाकून पाहिलं. दोरीची खाट. मधोमध इतकी झोल खाल्लेली की पारबताबाईंची बैठक पार खाली गेली होती. खोलगटाची कडाच मांडीला भेटायला वर आली होती. खुबा जसाच्या तसा वाकलेला होता.

"ही खाट एवढी ढिली का?"

सून म्हणाली, "बुढीले टोचाले नको म्हणून मीच दोऱ्या ढिल्या केल्या. वरून दोन गोधड्या टाकल्या. गुडघ्याखाली उशीबी ठेवतो रोज."

डॉक्टरांनी जमिनीवर बसायचं नाही म्हणून सांगितलं होतं. घरच्यांनी ते तंतोतंत पाळलं. जेवण खाटेवर, गप्पा खाटेवर, झोप खाटेवर. आठ महिने त्या खोलगटात, गुडघ्याखाली उशी घेऊन. प्रेमाने आखडवलेला पाय होता तो. आणि मी तीन आठवडे त्याच खोलगटात ताण द्यायला लावत होते. घरी कशावर झोपता, हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

"घरात फळी आहे का? तखत?"

आवाज ऐकून बाहेर आलेला दिलीप विचार करून म्हणाला, "ढोरांच्या कोठ्यात जुनं दार हाये. नवं घर बांधलं तेव्हा काढलेलं."

सागवानी दाराचं एक कवाड निघालं. ते धुतलं, खाटेच्या चौकटीवर आडवं टाकलं, वर एकच पातळ सतरंजी. खाटेच्या पायांखाली विटा, म्हणजे बसताना खुबा फार वाकणार नाही. पारबताबाई झोपल्या, गुडघा छातीशी घेतला, आणि उजवी मांडी वर आली.

"दिलीप, मूठ घाल खाली."

त्याने एक घातली. मग दुसरी. आईकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "खाट पाय लपवून रायली होती जी."

"तुम्ही खरं बोलत होता, मावशी," मी म्हटलं. "मीच उगाच ओरडले."

"आता चहा घे," त्या म्हणाल्या. विषय संपला.

गुडघ्याखालची उशी बंद केली. रात्रीची झोप दारावर. दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी धरून, सुनेच्या मदतीने पालथं होऊन दिवसातून दोनदा दहा मिनिटं पडून राहायचं. पहिल्या दिवशी पारबताबाईंनी मला भरपूर शिव्या दिल्या, असं सुनेने फोनवर आनंदाने सांगितलं.

पुढच्या आठवड्यात दीड मूठ. नंतर एक. शेवटच्या तपासणीला माझी दोन बोटं जेमतेम गेली. उजवी टाच टेकली. दुखणं पूर्ण गेलं नव्हतं, पण रात्रीची झोप लागत होती. वॉकर घरी ठेवून, काठी घेऊन त्या आल्या होत्या. आदल्या दिवशी तलावाच्या पाळीवरून स्वतःच्या धानाच्या बांधीपर्यंत जाऊन आल्या, आणि वाटेत भेटलेल्या प्रत्येकीला सरळ उभं राहून दाखवलं.

दिलीपने माझ्यासमोरच नागपूरला फोन लावून अपॉइंटमेंट रद्द केली. मी वीस वर्षं हे काम करते. हातात ना चाकू, ना औषधाची बाटली. एक होऊ घातलेलं ऑपरेशन टळलं, त्या दिवशी मी सरांच्या केबिनमध्ये जरा ताठच गेले.

सरांनी केसपेपर पाहिला. उपचाराच्या रकान्यात मी लिहिलं होतं: "ताणाचे व्यायाम. पालथे झोपणे. सागवानी दार, एक."

"हे काय?"

"उपकरण."

तेव्हापासून खुब्याचा पेशंट आला की व्यायाम शिकवण्याआधी मी त्याच्या घरच्या खाटेचा फोटो मागवते. आणि तो म्हणाला की घरी मांडी टेकते, तर आधी टेकते असंच धरते.