रज्जाकचाचांच्या नावावरचं वायफाय

"मॅडम, रज्जाकचाचांना पोलीस घेऊन गेले. तुमच्या त्या वायफायवरनं."

दौंडच्या बागेतल्या क्लार्कचा फोन होता. मी शिरूरच्या स्टँडवर पाबळच्या गाडीची वाट बघत उभी होते. तिथे एका पतसंस्थेत केबलिंगचं काम होतं. मी क्लार्कला "का?" असं विचारलंच नाही. वायफाय म्हणताच मला अंदाज आला होता.

तेव्हा मी शिरूरच्या एका छोट्या नेटवर्किंग फर्ममध्ये नोकरीला होते. दोन हजार आठ-नऊच्या सुमाराची गोष्ट. आमच्या भागात वायफाय हा शब्दही नवा होता. दौंडची ती बाग पालिकेच्या जागेवर, पण सांभाळायला एका ट्रस्टकडे होती. ट्रस्टच्या अध्यक्षांनी पुण्यातल्या कुठल्याशा बागेत लॅपटॉप उघडून बसलेली माणसं पाहिली आणि परत येऊन आमच्या सरांना फोन केला.

बसवायचं काम एका दिवसाचं. अॅक्सेस पॉइंट नावाचा एक डबा खांबावर लावायचा. तारेनं आलेलं इंटरनेट तो हवेतून आसपास पसरवतो. वेळखाऊ होते ते कागद. जागेसाठी पालिकेची एनओसी हवी. खांबासाठी वीजवाल्यांची परवानगी हवी. शिवाय उघड्या वायफायचा गैरवापर व्हायला लागल्यापासून सरकारचे नियम कडक झाले होते. सार्वजनिक ठिकाणी वायफाय कुणालाही वापरू द्यायचं नाही. आधी ओळखपत्र बघायचं, प्रत्येकाला वेगळा पासवर्ड द्यायचा आणि लॉग ठेवायचा. लॉग म्हणजे कोण, कधी, किती वेळ जोडलेलं होतं याची नोंद. ती मशीनच करतं.

दोन्ही परवानग्या मिळाल्या. अडलं ते इंटरनेटच्या कनेक्शनवर. ते ट्रस्टच्या नावावर घ्यायचं, तर ट्रस्टचा ठराव लागणार होता. मीटिंग महिनाभरानं होती आणि अध्यक्षांना उद्घाटन पंधरा ऑगस्टलाच हवं होतं.

सरांनी विचारलं, "बागेत राहतं कोण?"

"माळी. रज्जाकचाचा."

"रेशनकार्ड तिथल्याच पत्त्यावर असेल ना? त्यांच्या नावावर घेऊ. ठराव झाला की बदलू."

"सर, घरगुती कनेक्शन असं बागेत वापरता येत नाही."

"वैशाली, तात्पुरतं आहे गं."

फॉर्म घेऊन मीच गेले. चाचा साठीच्या घरातले. बायको वारलेली, मुलगी शमीम शिरूरला दिलेली. बागेच्या कोपऱ्यातल्या खोलीत एकटे राहायचे. त्या वेळी ते कण्हेरीच्या मुळाशी खुरपत होते.

"काय हाय ह्यात, पोरी?"

"इंटरनेटचा अर्ज आहे, चाचा. थोडे दिवस तुमच्या नावावर."

"मला त्यातलं काय बी कळत न्हाई. तू म्हंतीस तर करतो सही."

हाताची माती पायजम्याला पुसून त्यांनी एकेक अक्षर काढत सही केली.

उद्घाटनाच्या दिवशी पाहुण्यांचा लॅपटॉप लॉगिनच घेईना. अध्यक्ष माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "मॅडम, लोक बघायलेत. काढा तो पासवर्ड." मी काढला. लॉगिनचं पान बंद केलं की लॉगही बंद होतो, हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी परत लावायचा होता. पण सरांनी दुसऱ्या साइटवर पाठवलं. मी त्यांना दोनदा आठवण करून दिली. तिसऱ्यांदा दिली नाही. तिकडे मीटिंगही पुढे गेली आणि ठराव राहिला.

मग कुरकुंभच्या एका केमिकल कंपनीला मेल आला. प्लांट उडवून देऊ, एवढंच त्यात होतं. अख्खी शिफ्ट बाहेर काढावी लागली. मेल कुठून आला, हे आयपी अॅड्रेसवरून कळतं. तो कनेक्शनचा नंबर असतो. पोलिसांनी नंबर काढला आणि इंटरनेटवाल्यांनी त्या नंबरवरचं नाव दिलं. नाव रज्जाकचाचांचं होतं.

स्टँडवरूनच मी सरांना फोन लावला.

"तू तिकडे जायचं नाही," ते म्हणाले. "सही त्यांची आहे. चौकशी करतील, सोडतील."

पाबळची गाडी आली. मी चढले. पतसंस्थेत दिवसभर केबलिंग केलं. घरी येऊन जेवलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र बागेच्या कामाची फाइल उचलली आणि दौंड गाठलं. पोलीस स्टेशनच्या दाराशी शमीम उभी होती.

"ताई, कालपास्नं अब्बांना एकच इचारायलेत, मेल का केला म्हनून. आन् अब्बा त्यांनाच इचारत्यात, मेल म्हंजी काय?"

मी आत गेले. फाइल टेबलावर ठेवली आणि काय झालं ते सगळं सांगितलं. इन्स्पेक्टरांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी विचारलं, "लॉग कुठाय?"

"नाही साहेब. पासवर्ड काढला तेव्हापासून लॉग नाही."

"मग त्या वेळी कोण जोडलेलं होतं?"

"सांगता येणार नाही. बागेतलं कुणीही असेल. बाहेर रस्त्यावरचंही असेल."

"म्हणजे हेही असू शकतात."

बाकावर चाचा बसले होते. ते माझ्याकडे बघत होते. मी जबाबासाठी कागद मागून घेतला.

फॉर्म मी आणला, पासवर्ड मी काढला, असा जबाब लिहून दिला. संध्याकाळी त्यांनी चाचांना सोडलं, पण दर सोमवारी पोलीस स्टेशनात हजेरी द्यायची अट घातली. आमच्या सरांनाही बोलावणं गेलं. दुसऱ्या दिवशी सरांनी मला फर्मच्या किल्ल्या टेबलावर ठेवायला सांगितलं.

कनेक्शन बंद करायचा अर्ज घेऊन मी चाचांकडे गेले. त्यावरही त्यांचीच सही लागत होती. त्यांनी कागद हातात घेतला नाही.

"न्हाई पोरी. आता तू आनलेल्या कागदावर न्हाई."

आवाज चढवला नाही. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

चौकशी मिटेपर्यंत नको, असं म्हणून ट्रस्टनं त्यांना कामावरून कमी केलं. खोलीही सोडावी लागली. ते शिरूरला शमीमकडे राहायला आले. दर सोमवारी एसटीनं दौंडला जायचे, रजिस्टरमध्ये सही करून परत यायचे. वर्षभर असं चाललं. स्टँडवर कधी समोर आले तर मान हलवायचे. बोलायचे नाहीत. बागेवर दुसरा माळी आला. खांबावरचा डबा पोलिसांनी जप्त केला होता, तो परत कुणी मागितला नाही.

मेल करणारा सापडला नाही.

आजही मी हेच काम करते. क्लायंट घाई करतात. लॉग कशाला, ओळखपत्रं कशाला, लोक कंटाळतात, असं म्हणतात. पूर्वी मलाही वाटायचं, लॉग हा गुन्हेगार पकडायला असतो. पण त्याची जास्त गरज ज्यानं काही केलेलं नाही त्याला लागते. त्या वेळी आपण जोडलेलो नव्हतो, हे त्याला दुसऱ्या कशानंच दाखवता येत नाही.